नानासाहेबांची वेगळी किटली

सोमवार, १० नोव्हेंबर १९८६

जावईबापूंनी जानेवारीत दिलेली बँकेची डायरी आज उघडली. दहा महिने ती कोरी राहिली, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. आधी कन्नड तहसीलमध्ये, मग इथं कलेक्टर कचेरीत मिळून चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या भानगडींचे कागद लिहिले. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो तेव्हा हाताला विसावा द्यायचं ठरवलं होतं. पण आजपासून नोंद ठेवणं भाग आहे.

सकाळच्या एसटीनं सौ. सोयगावला गेली. थोरलीला आठवा लागलाय, डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची मनाई केलीय आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. त्यामुळं सौ. आता बाळंतपण उरकूनच परतणार. म्हणजे मी मोकळा आहे.

हे वाक्य लिहून पुन्हा एकदा वाचलं.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तेवढ्या काळात घराबाहेर जेवलो ते फक्त लग्नकार्यात. सौ. माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यातच दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या रक्तात साखर शोधून काढली. तेव्हापासून चहा फिका, भात बंद, गूळ कुलपात. बेगमपुऱ्यात बावीस वर्षं राहून गल्लीतल्या एकाही हॉटेलाची चव मला ठाऊक नाही, ही शरमेची बाब आहे. कार्यक्रम असा आखला आहे: सकाळी नवाबचा चहा आणि बद्रीनाथची इमरती, दोन्ही वेळ भागूबाईची खानावळ, शनिवारी शफीचा नान-खलिया, म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा आणि तंदूरचा नान.

जाताना सौ.नं फार वेळ घालवला. घरापासून कोपरा पाच मिनिटांवर आहे, तिला पाऊण तास लागला. नवाबच्या हॉटेलात शिरली, बद्रीनाथच्या दुकानात शिरली, भागूबाईच्या चुलीपाशी बसली. शफीच्या दुकानापुढून ती एरवी नाकाला पदर लावून जाते, आज तिथंही थांबली. मी रिक्षात पेटी धरून बसलेलो. बायकांना निरोप घ्यायचा म्हणजे वर्षभराचं बोलणं काढावं लागतं. एसटी कशीबशी मिळाली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नवाबच्या हॉटेलात पहिला चहा घेतला. हॉटेल म्हणजे मशिदीच्या कोपऱ्यावर चार बाकं, एक भट्टी आणि भट्टीमागं नवाब. पन्नाशीचा माणूस, सहा महिने एकच स्वेटर घालतो. त्याच्या चहासाठी पाणचक्कीपासून लोक चालत येतात असं ऐकून होतो.

मी बसलो तर त्यानं सगळ्यांच्या पातेल्यातला चहा दिला नाही. बाजूला ठेवलेली एक लहान किटली उचलली. म्हणाला, "नानासाब, तुमारे वास्ते अलग किटली रखा हूँ. रोज इसीच में बनेगा."

चार लोकांनी वळून पाहिलं. माणूस खुर्चीवरून उतरला तरी त्याची जरब राहते, हे आज कळलं.

चहा मात्र पाणचक्कीपासून चालत येण्यासारखा वाटला नाही. वेलदोड्याचा वास भरपूर, पण गोडी अजिबात नाही. पहिला दिवस म्हणून बोललो नाही. उठताना नवाबनं पाण्याचा ग्लास पुढं केला आणि विचारलं, "गोली खाए क्या?" मी सकाळची गोळी विसरलोच होतो, ती घेतली. या माणसाला औषधपाण्याची जिज्ञासा दिसते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बद्रीनाथच्या दुकानात सात वाजता गेलो. इमरती संपली म्हणाला. मी म्हटलं, कढईत दिसतीय ती काय आहे? म्हणाला, "ती ऑर्डरची हाय नाना." माझ्यामागून आलेल्या एका मास्तरांना त्यानं त्यातूनच पुडी बांधून दिली. ऑर्डर त्यांची असावी.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बद्रीनाथकडं आज पावणेसातला गेलो. संपली.

संध्याकाळी शफीकडं गेलो. आयुष्यातला पहिला नान-खलिया. शफीच्या देगेत वर लाल तर्री बोटभर तरंगत होती. माझी थाळी भरताना त्यानं पळीनं तर्री अशी काही बाजूला सारली की खालचा फिक्का रस्सा तेवढा वर आला. नानही एकच दिला. दुसरा मागितला तर म्हणाला, "तंदूर ठंडा हो गया नाना." आणि बाजूच्या बाकावर गरम नान वाढला. पिढीजात आचारी, पण लक्ष नाही.

तरी चव लागली. त्या एकाच नानवर मी बराच वेळ बसून राहिलो.

रविवार, १६ नोव्हेंबर

भागूबाई मूळची आमच्या कन्नडकडची. नवरा गेल्यावर इथं येऊन तिनं खानावळ टाकली. पंधरा-वीस माणसं जेवतात, कॉलेजची मुलं जास्त. आठवडाभर मला ज्वारीची भाकरी, मेथी, अंबाडी, ताक एवढंच मिळतंय. भात मागितला की म्हणते, "लई गिच्च झालाय नाना, तुमाला नाय आवडायचा." आज रविवारचा शिरा होता. पंगतीत सगळ्यांना वाढत वाढत आली आणि माझ्यापाशी येऊन पातेलं आडवं धरलं. "संपला बघा." मला काकडी दिली.

मुलं खाली मान घालून हसत होती. शिऱ्यात काही घातलं होतं की काय कोण जाणे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दुपारी भागूबाई कार्ड घेऊन आली. तिला लिहिता येत नाही. भावजयीला खुशाली कळवायची म्हणाली, मी पेन काढलं. तिनं सांगितलेला मजकूर असा: बैल बरा आहे. वैरण वेळेवर खातो. दुसऱ्याच्या उसात शिरायला बघतो, पण शेजारीपाजारी हुसकून लावतात. रोज सकाळी त्याला औषध पाजलं जातं. काळजी नसावी.

मी विचारलं, "बैल इथं आहे?"

"हाय की. इथंच बांधलाय, गल्लीत."

मी कधी पाहिला नाही. मकईगेटच्या बाजूला कुणाच्या परसात असेल. वय विचारलं, तर म्हणाली, "साठ... म्हंजे सहा. सहा दाती हाय."

मी तिचा मजकूर नीट केला. "उसात शिरायला बघतो" च्या जागी "इतरांच्या पिकात प्रवेश करण्याचा वारंवार प्रयत्न करतो" असं लिहिलं. आणि स्वतःच्या अनुभवावरून एक ओळ जोडली: सदर जनावर हट्टी दिसते, तरी दावे आखूड ठेवावे. वाचून दाखवलं तर भागूबाईच्या डोळ्यात पाणी आलं, पदर तोंडाला लावून बसली. पत्ता बद्रीनाथ लिहील म्हणाली. दर बुधवारी असं एक कार्ड लिहून द्याल का, असं विचारलं. गरीब बाई आहे, हो म्हटलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

सौ.चं कार्ड आलं. थोरली बरी आहे. शेवटी लिहिलंय, "पहाटेचं हलवायाच्या दुकानापुढं उभं राहू नये. थंडी आहे. राहायचंच झालं तर मफलर बांधावा."

मी तिला यातलं काही कळवलेलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याच्या मनातलं आपोआप कळायला लागतं, दुसरं काय.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आजचा दिवस माझ्या आयुष्यात महत्त्वाचा ठरेल असं वाटतं. डॉक्टरांकडं रक्त तपासलं. दिवाळीआधी जेवणानंतरची साखर दोनशे ऐंशी होती. आज एकशे बावन्न. डॉक्टरांनी दोनदा कागद पाहिला. म्हणाले, "नानासाहेब, शाब्बास. काय करता?"

मी खरं ते सांगितलं: दोन्ही वेळ हॉटेलात जेवतो, सकाळ-संध्याकाळ हॉटेलचा चहा पितो. त्यांचा विश्वास बसला नाही.

घरी येऊन शांतपणे विचार केला. घरचं जेवत होतो तेव्हा साखर वाढत होती. बाहेरचं जेवायला लागलो आणि उतरली. तेव्हा या रोगाचं मूळ घरच्या स्वयंपाकात आहे, हा निष्कर्ष कुणीही काढील. वर्तमानपत्रासाठी "हॉटेलचे अन्न व मधुमेह: एक स्वानुभव" असा लेख तयार केला आणि टपालात टाकला. सौ.ला आत्ताच कळवणं बरं दिसणार नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

नवाबच्या चहाचा विषय आता वर न्यावाच लागेल. सतरा दिवस वाट पाहिली, गोडीत फरक नाही. शेजारच्या बाकावरच्या माणसाला विचारलं, चहा गोड आहे का? तो म्हणाला, "एकदम मीठा." लोकांच्या जिभा मेल्या आहेत. मला दाट संशय आहे की नवाब साखरेऐवजी दुसराच काही पदार्थ घालतो, जो अडाणी माणसाला गोड लागतो आणि जाणकाराला लागत नाही.

मनाला बरं वाटत नाही. माणूस वागायला चांगला आहे. काल मफलर विसरलो तर घरापर्यंत आणून दिला. पण व्यक्ती वेगळी आणि बाब वेगळी, हे मी चौतीस वर्षं पाळलं. भेसळ खात्याला अर्ज लिहिला: "सदर चहामध्ये गोडीचा संशयास्पद अभाव असून तो वेलदोड्याच्या वासाखाली दडविण्यात येतो. तरी जनहितार्थ नमुने घ्यावेत." खाली सही केली नाही. "एक जागरूक नागरिक" असं लिहिलं. अक्षरही मुद्दाम थोडं डावीकडं कलतं काढलं.

मंगळवार, २ डिसेंबर

भेसळ खात्याचे साहेब आले. सकाळी साडेआठला, बाकं भरलेली असताना. बरोबर बाटल्यांची पेटी आणि लाख. मी कोपऱ्यात माझ्या किटलीतला चहा पीत होतो. साहेबांनी भट्टीपुढं उभं राहून अर्ज मोठ्यानं वाचला. "गोडीचा संशयास्पद अभाव" या शब्दांवर नवाबनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मी वर्तमानपत्र वर धरलं.

त्यांनी पातेल्यातला चहा, साखर, दूध, पत्ती सगळ्याचे नमुने बाटल्यांत भरले. मग माझी किटली दिसली. एक घोट घेऊन म्हणाले, "यात तर साखरच नाही. हा काय प्रकार आहे?"

नवाब फडक्यानं किटली पुसत राहिला. साहेबांनी पुन्हा विचारलं. सगळं हॉटेल ऐकत होतं.

नवाब म्हणाला, "भूल गया, साब."

"चहावाला आणि साखर विसरला?"

"हौ साब. भूल गया."

साहेबांनी ते लिहून घेतलं. खोटं पकडलं गेलं की माणसाची जीभ अशीच अडखळते, हे मी कचेरीत शेकडो वेळा पाहिलंय. काम चोख झालं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

नवाबकडं आज आठ वाजता मी आणि एक कुत्रं, एवढेच होतो. नवाब चहात केमिकल टाकतो, असं गल्लीत पसरलंय. दुधात काहीतरी सापडलं असंही म्हणतात, अजून अहवाल आलेला नसताना. लोक समोरून जातात आणि नवाबकडं न बघता सलाम करतात.

त्यानं माझ्यासाठी किटली ठेवली होती. गोडी तितकीच. पण त्यानं "गोली खाए क्या" विचारलं तेव्हा मला त्याच्याकडं बघता आलं नाही. कारण समजत नाही. मी नियमाप्रमाणंच केलं.

सोमवार, ८ डिसेंबर

गल्लीतलं वातावरण बिघडल्यामुळं तीन दिवस क्रांती चौकाकडं जातोय. तिथं मला कुणी ओळखत नाही, आणि काय सांगू, तिथल्या चहात साखर आहे. एका हलवायाकडं गरम गुलाबजाम मिळतात, परवा चार खाल्ले, काल सहा. आज रबडीही. साखर एकशे बावन्नवर उतरलेली असल्यामुळं गोळीची गरज उरलेली नाही, ती बंद केली. हा प्रयोगाचा दुसरा भाग समजावा.

रात्रीतून चार-पाच वेळा उठावं लागतं आणि तहान फार लागते. थंडीचे दिवस आहेत.

गुरुवार, ११ डिसेंबर

डोळ्यापुढं अक्षरं हलतात. गुलाबजाम आठ. पाय जड.

शनिवार, १३ डिसेंबर, घाटी दवाखाना

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची पेन्सिल घेऊन लिहितोय.

काल सकाळी घरून निघालो तो नवाबच्या हॉटेलासमोर गल्ली फिरायला लागली. पुढचं मला आठवत नाही. जागा झालो तेव्हा हाताला सलाईन होतं. शेजारच्या पेशंटनं सांगितलं, स्वेटरवाला एक जाड माणूस तुम्हाला दोन्ही हातांवर उचलून आत आला, आणि डॉक्टर भेटेपर्यंत त्यानं तुम्हाला खाली ठेवलं नाही. साखर चारशे चाळीसच्या वर निघाली. गोळी कुणी बंद केली, असं डॉक्टरांनी विचारलं. मी प्रयोगाविषयी सांगायला लागलो, पण ते पुढच्या खाटेकडं गेले.

दुपारी नवाबची बायको फहमिदा डबा घेऊन आली. नवाब बाहेर व्हरांड्यात थांबला होता. माझी चौकशी करता करता तिचा आवाज चढला.

"नानासाब, मेरे कू बोलनेका नै बोले उनो. पन मैं बोलतूं. भाभी जाने के दिन हॉटेल में आके हाथ जोडे. बोले, नवाबभाई, इनको शक्कर नक्को देव, और इनको पता बी नक्को चलने देव, पता चला तो दुसरी जगा जाके खाते. इनो जबान दिये. वो साब सबके सामने पुछा तो बी इनो जबान नै तोडे. 'भूल गया' बोले. पच्चीस साल में मेरा आदमी शक्कर नै भूला."

मी म्हटलं, "बद्रीनाथ पण?"

"सब."

"शफी?"

"शफी बी. तुमारे वास्ते तर्री निकालता बैठता बिचारा."

मी डबा बाजूला ठेवला. मग व्हरांड्यातून नवाबला बोलवा म्हटलं. तो येऊन खाटेच्या कडेला उभा राहिला, बसेना. मी म्हटलं, "नवाबभाई, तो अर्ज माझा होता."

"मालूम है, नानासाब."

"कसं?"

"साब पढे ना. ऐसी मराठी गल्ली में दुसरा कौन लिखता." मग माझी चादर सारखी करत म्हणाला, "गलती मेरी बी है. मैं समजा, इलायची जास्ती डालूं तो पता नै चलेगा. बस वो साब के सामने भूल गया बोलना पडा ना, वो लगा."

मी माफी मागितली. यापूर्वी कुणाची मागितल्याचं आठवत नाही, त्यामुळं शब्द नीट जुळले नाहीत. तो म्हणाला, "पहले गोली खाव."

मंगळवार, १६ डिसेंबर

सौ.चं पाकीट आलं. बद्रीनाथनं तार केली होती. पोरीचे दिवस भरत आलेत, तिला सोडून निघता येत नाही म्हणून ती दोन दिवस रडली, असं जावयानं वेगळ्या कागदावर कळवलंय. सौ.चं पत्र इथं उतरून ठेवतो.

"रागावू नये. तुम्हाला सांगून तुम्ही ऐकलं नसतं. भागूबाईला दर बुधवारी तुमच्याकडूनच कार्ड लिहून घ्यायला मीच सांगितलं होतं. मजकुराचं मला काही नव्हतं. तुमच्या हातचं अक्षर बघायचं होतं. ते सरळ आलं की माझा आठवडा जायचा. दहा तारखेचं कार्ड वाकडं आलं तेव्हाच मी पेटी भरायला घेतली होती, तेवढ्यात तार आली. दावे आखूड ठेवावे हे तुम्ही बरं लिहिलं. तसंच करावं."

तर गल्लीतला बैल कुठं बांधला होता याचा उलगडा झाला. भागूबाई संध्याकाळी भाकरी घेऊन आली. मी ती वेळेवर खाल्ली. अंबाडीची भाजी चांगली झाली होती.

गुरुवार, १८ डिसेंबर

घरी आलो. भेसळ खात्यात जाऊन अर्ज मागे घेतो म्हटलं, तर तिथल्या कारकुनानं नमुने पुढं गेल्याचं सांगितलं, आता अहवाल येईपर्यंत काही करता येत नाही. त्यानं नियम बरोबर सांगितला. मी त्याच्या जागी असतो तर हेच सांगितलं असतं, आणि तेही याहून कोरड्या आवाजात.

पण नवाबची बाकं रिकामीच आहेत. अहवालाची वाट बघत बसलो तर तोपर्यंत भट्टी विझेल. म्हणून आज एक फळा रंगवला. वर मराठीत आणि खाली उर्दूत. निजामाच्या वेळचं माझं उर्दू मॅट्रिक इतक्या वर्षांनी कामाला आलं. मजकूर असा:

"जाहीर खुलासा. या हॉटेलातील चहात साखर नसल्याची तक्रार ज्या इसमाने केली, त्यास साखर देऊ नये अशी त्याच्या पत्नीची ताकीद होती. हॉटेल मालकांनी ती पाळली. बाकी सर्वांच्या चहात साखर पूर्वीपासून आहे. तक्रारदार कोपऱ्यातील बाकावर बसलेला आहे, खात्री करून घ्यावी."

नवाब म्हणाला, "नक्को नानासाब, इज्जत जाती तुमारी." मी म्हटलं, लटकव.

शनिवार, २० डिसेंबर

सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सहा मी कोपऱ्यातल्या बाकावर बसतो. पहिल्या दिवशी लोक रस्त्यातून फळा वाचून माझ्याकडं बघून जात होते. काल भागूबाईकडची कॉलेजची मुलं आली. एकानं विचारलं, "तक्रारदार आपणच का?" मी म्हटलं, होय. "काही सांगाल?" मी सगळं सांगितलं, गुलाबजामसकट. ती मुलं तिथंच बसली, दोन-दोन चहा प्याली. आज त्यांनी आणखी माणसं आणली. पाणचक्कीकडचे दोघं फक्त मला बघायला आले होते.

एकच गोष्ट मला दर वेळी विचारतात, की पंचवीस दिवस फिका चहा पिऊन कळलं कसं नाही? मी म्हणतो, वेगळी किटली मिळाली की माणूस चवीकडं कमी बघतो. लोक हसतात. मी ते हसण्यासाठी म्हणत नाही.

बुधवार, २४ डिसेंबर

अहवाल आला. सर्व नमुने शुद्ध. साहेब स्वतः कागद घेऊन आले, फळा वाचला, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जागरूक नागरिक आपण?" मी उभा राहिलो. त्यांनी पातेल्यातला चहा मागवला आणि सावकाश प्याले. जाताना नवाबला म्हणाले, "साखर थोडी जास्तच आहे."

बाकं पुरत नाहीत म्हणून शफीनं त्याच्याकडचं एक आणून टाकलंय. नवाब फळा काढायला तयार नाही. आता म्हणतो, "रहने देव, गिऱ्हाईक आता है."

वर्तमानपत्राकडून लेख साभार परत आला. फाडून टाकला. डॉक्टरांना तो सापडू नये.

मंगळवार, ३० डिसेंबर

दुपारी तार आली. थोरलीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. सौ. बारसं करूनच येते.

बद्रीनाथकडं पेढे घ्यायला गेलो. त्यानं मला बघून सवयीनं "संप..." एवढं म्हटलं आणि थांबला. तार दाखवल्यावर त्यानं डबा भरला, पण माझ्या हातात देताना झाकण दोऱ्यानं बांधलं, वरून चार गाठी मारल्या.

भागूबाईच्या खानावळीत मुलांनी गाठी दातानं सोडल्या. भागूबाईनं पेढा कपाळाला लावून खाल्ला. म्हणाली, "आता आजोबा झालात, आता तरी शाण्यासारखं ऱ्हावा." शफीनं हात धुवून दोन्ही हातांत घेतला. फहमिदानं मुलीचं नाव काय ठेवणार विचारलं, आणि नाव ठरण्याआधीच झबलं शिवायला घेते म्हणाली. प्रत्येकानं पेढा तोंडात टाकला, मग डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. कुणीही मला घे म्हटलं नाही. बावीस वर्षं या गल्लीत राहिलो, इतकी माणसं आपल्यावर नजर ठेवून आहेत हे पहिल्यांदाच अंगावर आलं, आणि नवल म्हणजे बरं वाटलं.

नवाबचा पेढा देऊन झाला आणि डब्यात एक उरला. नवाब भट्टीकडं तोंड करून उभा होता. मी माझ्या बाकावर बसलो. नातीचा पेढा आहे, तो परत बद्रीनाथला देणं बरं नाही, आणि टाकून देणं त्याहून वाईट. सकाळची गोळी घेतलेली आहे, दुपारी अर्धीच भाकरी खाल्ली आहे. या सगळ्याचा नीट विचार केला. पेढा चांगला होता. वेलदोडा बेताचा.

मग तिथंच बाकावर बसून कार्ड लिहायला घेतलं. भागूबाईला उद्या यायचे कष्ट कशाला.

"सौ. लक्ष्मीबाईस अनेक आशीर्वाद. तार पोचली. पेढे गल्लीत सर्वांना पोचवले. बैलाची तब्येत ठीक आहे, अक्षरावरून दिसेलच. त्याने आज एक पेढा खाल्ला. अर्धा असे लिहिणार होतो, पण नवाबने पाहिले आहे."